शाळेची परसबाग आणि शेडनेट: काम कसं चालतं, कुठे अडतं

शाळेच्या बागेला किडीपेक्षा सुट्ट्यांचं भय जास्त. जूनमध्ये शाळा उघडते, पावसाच्या जोरावर वाफे हिरवे होतात, पंधरा ऑगस्टला त्यांचे फोटो निघतात. दिवाळीच्या सुट्टीत निम्मी बाग जाते आणि उन्हाळ्यात उरलेली. पुढच्या जूनला पुन्हा श्रीगणेशा. हे टाळायचं तर बियाण्याच्या पाकिटाआधी शाळेचं वार्षिक वेळापत्रक टेबलावर हवं. शेतकरी पिकाच्या तारखांवरून आपले दिवस लावतो. शाळेत सुट्टीच्या तारखेपासून मागे मोजत पेरणीची तारीख काढावी लागते.

इथे लिहिलंय ते साताऱ्याचा पूर्व भाग, सोलापूर, बीड अशा अवर्षणाच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये काम करताना जमलेलं आहे. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पट साठ-सत्तरचा, शिक्षक दोन-तीन आणि मैदानाच्या कडेला एखादा गुंठा मोकळी जागा. कोकणात, विदर्भात यातल्या काही गोष्टी बदलतात, त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत.

उलटी मोजणी

शाळा साधारण १५ जूनला उघडते. विदर्भात ऊन लांबतं म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी आणि मेच्या सुरुवातीपासून उन्हाळी. म्हणजे हाताशी दोन हंगाम: एक दिवाळीपर्यंतचा, सुमारे चार महिन्यांचा, दुसरा दिवाळीनंतर परीक्षेपर्यंतचा.

आता पिकांचे दिवस बघा. मेथी आणि माठ २५ ते ३० दिवसांत निघतात. पालकाची पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांनी. मुळा ४० ते ४५. भेंडी आणि गवारीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी सुरू होतो आणि पुढे महिना-दीड महिना चालतो. टोमॅटोचं रोप ट्रेमध्ये (रोपं वाढवायच्या खणांच्या तबकात) २५ दिवस, लागवडीनंतर पहिल्या लाल फळाला आणखी ६५ ते ७०. वांग्याचं रोप तयार व्हायलाच महिना-पाच आठवडे जातात.

घाईनं जुलै संपताना टोमॅटो लावला तर तोडे नेमके दिवाळीच्या तोंडावर सुरू होतात आणि बहुतेक माल सुट्टीत पिकून गळतो. म्हणून पावसाळी हंगामात पालेभाज्या, भेंडी, गवार आणि चवळीच घ्यावी. टोमॅटोचं बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेमध्ये टाकावं आणि रोपं सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाफ्यात लावावीत. दिवाळीपर्यंत झाड महिन्याचं होतं, मूळ खोल गेलेलं असतं, आणि आच्छादन असेल तर दोन दिवसांआडच्या पाण्यावर तगतं. फळं सुट्टीनंतर, मुलं शाळेत असताना लागतात. रोपं ट्रेमध्ये असताना मात्र सुट्टी येता कामा नये. ट्रेमधल्या मुठीएवढ्याही नसलेल्या कोकोपीटचं (नारळाच्या भुशाचं) पाणी एका दुपारीत संपतं.

सुट्टीतल्या पाण्याचा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैच्या बैठकीतच ठराव करून सोडवावा. आम्हाला टिकलेला नियम एकच दिसला: सुट्टीत जो पाणी घालेल, सुट्टीतला माल त्याचा. शाळेशेजारचं एखादं कुटुंब यावर आनंदानं राजी होतं. ‘मुलं आळीपाळीनं येतील’ ही योजना चार दिवसांच्या पुढे चालत नाही. मुलं मामाच्या गावी गेलेली असतात.

उन्हाळ्यात भाजीचा हट्ट सोडून द्यावा. शेवगा, कढीपत्ता, लिंबू एवढीच झाडं जगवायची, आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर देऊन. रिकाम्या वाफ्यांना एकदा भरपूर पाणी देऊन त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून अंथरायचा, कडा मातीनं बुजवायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. मेच्या उन्हानं वरच्या थरातलं तणाचं बी आणि मर रोगाची बुरशी बऱ्यापैकी मरते. कागद काळा घेतला तर माती तितकी तापत नाही. पारदर्शकच हवा.

बाग किती भाजी देईल

उत्साही पालकांना आधी हे गणित दाखवावं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम. लहान वर्गांतल्या साठ मुलांना रोज तीन किलो भाजी लागते. दहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्यातून मेथी निघते दोन-अडीच किलो. म्हणजे महिनाभर सांभाळलेला वाफा एका जेवणालाही जेमतेम पुरतो. शाळा जेवू घालण्याइतकी बाग करायची तर शेतच हवं.

म्हणून परसबागेकडून मागायचं ते वेगळं: खिचडीत आठवड्यातून दोनदा ताजा पाला, वरणात शेवग्याची पानं, आमटीला कढीपत्ता आणि लिंबू. केंद्राच्या २०१९ च्या पोषण-बाग सूचनांमध्ये बियाणं, अवजारं, खत यांसाठी शाळेमागे ५,००० रुपयांची तरतूद सांगितली होती. तेवढ्यात वाफे, ट्रे आणि अवजारं बसतात, शेडनेट (खांबांवर ताणलेली सावलीची जाळी) बसत नाही. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. निवडायला वेळखाऊ भाजी (चिमूटभर माठ, मातीनं भरलेला पालक) साडेदहाला त्यांच्या हातात दिली तर ती बाजूलाच पडते. मुलांनी आदल्या दिवशी खुडून, निवडून, धुऊन ठेवलेली भाजी शिजते.

जागा आणि माती

हे काम एप्रिलमध्ये, मुलं शाळेत असतानाच उरकावं. दिवसाला किमान सहा तास ऊन, हात धुण्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, स्वच्छतागृहाच्या सांडपाण्यापासून लांब. कुंपणाला चंद्रज्योत, कण्हेर, धोत्रा किंवा एरंड असेल तर आधी ते काढावं. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबानं दवाखान्यात जातात, हे राज्यात पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून मोठ्यांनी उपटावं. मुलांना या कामाला लावू नये, अंगाला खाज सुटते आणि दम्याच्या मुलांना त्रास होतो.

माती कळायला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, आणि जोरात हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पट्टीनं मोजून सहावीची मुलं टक्केवारी काढतात. दुसरी चाचणी निचऱ्याची: फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा जिरायला किती वेळ लागतो ते बघा. चार तासांनंतरही पाणी तसंच असेल तर सपाट वाफे पावसाळ्यात सडणार, हे नक्की.

काळ्या मातीत हेच होतं. गादीवाफाच करावा: रुंदी तीन फूट, उंची सहा ते नऊ इंच, लांबी दहा फूट, दोन वाफ्यांमध्ये दोन फुटांची वाट. तीन फूट रुंदीला कारण आहे. पहिली-दुसरीच्या मुलाचा हात वाकून दीड फुटापर्यंत पोचतो. त्याहून रुंद वाफा केला की मूल मधल्या तणासाठी वाफ्यात पाय ठेवतं आणि माती दाबली जाते. प्रत्येक वाफ्याला पाच-सहा घमेली कुजलेलं शेणखत पुरे. मुरमाड जागी मात्र आणलेली गाळमाती निम्म्यापर्यंत मिसळावी लागते.

काळ्या मातीत सगळ्यांत मोठी चूक ओल्यात खुरपण्याची. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिकट नसलेली, असतानाच हात लावायचा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे, चपटा बसला तर आज बागेचा तास वर्गात घ्या.

शेडनेट: कशासाठी, कशासाठी नाही

‘ग्रीनहाऊस’ म्हटलं की काचेचं किंवा प्लॅस्टिकचं बंद घर डोळ्यांसमोर येतं. थंड देशात ते ऊब साठवायला असतं. आपल्याकडे पठारावर एप्रिलमध्ये बंद प्लॅस्टिकच्या घरात दुपारी उभं राहवत नाही आणि टोमॅटोचा मोहोर पस्तीस अंशांच्या पुढेच गळायला लागतो. शाळेसाठी शेडनेट बरं. त्याबद्दलही एक गैरसमज काढून टाकावा: शेडनेटखाली हवा फारशी थंड होत नाही. कमी होतं ते थेट ऊन, पानाचं तापणं आणि मातीचं सुकणं. मुलांना हे पटवायला दोन तापमापी पुरतात, एक नेटमध्ये रोपांच्या उंचीवर, एक बाहेर झाडाच्या सावलीत. तापमापी उन्हात टांगली तर ती हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगते. पहिल्या आठवड्यातले आकडे बहुधा याच कारणानं फेकून द्यावे लागतात.

रोपवाटिका आणि दोन वर्गांचे प्रयोग यांना सहा मीटर बाय चार मीटर पुरतं. दीड-दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे सहा खांब, प्रत्येक दोन फूट खोल सिमेंटमध्ये. उंची मध्यभागी तीन मीटर. पैसे वाचवायला सहा-सात फुटांवर नेट ताणलं तर गरम हवा मुलांच्या डोक्यावरच अडकते. नेट हिरवं, ५० टक्के सावलीचं, ऊन सोसणारं. ७५ टक्क्यांचं घेतलं की रोपं उजेडासाठी ताणतात, लांब, फिकट आणि लुळी होतात, आणि वाफ्यात लावल्यावर माना टाकतात. कीटकजाळीनं चारी बाजू बंद केल्या की पांढरी माशी थांबते, पण वाराही थांबतो. शाळेला ते झेपत नाही. बाजूंना जमिनीपासून मीटरभर नेट आणि वर मोकळं, एवढं ठेवावं. शेळ्या आणि कोंबड्या तेवढ्यानं अडतात.

एप्रिल-मेच्या वळिवात ताणलेलं नेट शिडासारखं फुगतं आणि खांब वाकवतं. सुट्टी लागताना नेट उतरवून, घडी करून, उंदीर लागणार नाहीत अशा जागी ठेवावं. त्यासाठी ते पाइपला शिवून न टाकता वर ताणलेल्या तारेला क्लिपनं अडकवलेलं हवं. हे एक पथ्य पाळलं तर नेट चार-पाच वर्षं जातं.

शेडनेट पाऊस अडवत नाही. उलट जाळीवर थेंब जमून मोठे होतात आणि कोवळ्या रोपांवर आदळतात. जून ते सप्टेंबर ट्रेच्या मांडणीवर बांबूच्या कमानी करून २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद टाकावा, बाजू उघड्या ठेवून. कोकणात तर गरज याच छपराची आहे. तिथे सावली ढगच देतात.

आत मांडण्या दोन, ऐंशी सेंटिमीटर रुंद, मध्ये १.२ मीटर वाट. उंची प्राथमिकच्या मुलांना ६० सेंटिमीटर, मोठ्यांना ७५. चाकाच्या खुर्चीवरचं मूल असेल तर मांडणीखाली गुडघे जातील अशी जागा सोडा आणि वाटेच्या टोकाला खुर्ची वळायला दीड मीटर. हे नंतर बसवता येत नाही, खांब रोवण्याआधीच आखावं लागतं.

रोपं

९८ घरांचे प्रोट्रे आणि कोकोपीट. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर सत्तरेक लिटर होते, पंधरा-वीस ट्रेंना पुरते. वीट एकदा भिजवून पाणी काढून टाकायचं आणि पुन्हा भिजवायचं, कारण नारळाच्या भुशात क्षार असतात. ही पायरी गाळली की रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि सगळे पाण्याला दोष देत बसतात.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. मुलं बोटाच्या पेराएवढं खोल ढकलतात, मग टोमॅटो उगवत नाही. पेन्सिलीच्या टोकावर अर्ध्या सेंटिमीटरची रेघ मारून दिली की प्रश्न मिटतो. ट्रे भरल्यावर एकावर एक रचून कागदानं झाकायचे आणि तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघायचे. पहिले मोड दिसले की त्याच दिवशी उजेडात. शनिवारी रचले आणि सोमवारी सुट्टी आली तर रोपं अंधारात दोऱ्यासारखी होतात. पेरणी सोमवारीच करावी ती यासाठी.

रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात ती मर. कारण जवळजवळ नेहमी पाणी. बारा मुलांच्या हातात झारी दिली तर ट्रेला बारा वेळा पाणी मिळतं. ट्रेजवळ एक पाटी टांगावी, पाणी घालणाऱ्यानं वेळ लिहायची आणि घालण्याआधी ट्रे उचलून वजन बघायचं. जड असेल तर घालायचं नाही.

धणे अख्खे पेरू नयेत. रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावेत. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढा धीर लहान मुलांना नसतो. ती माती उकरून बघतात. पहिलीला मेथी किंवा मुळा द्यावा, तीन-चार दिवसांत वर येतो.

पाणी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे वाक्य शेडनेटच्या दारावर लिहून ठेवण्याजोगं आहे, कारण पुढचं सगळं गणित त्यातून निघतं. भाजीला हिवाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर लागतं, एप्रिलमध्ये सात-आठ. आपला वाफा साधारण २.८ चौरस मीटरचा. म्हणजे हिवाळ्यात बारा लिटर आणि एप्रिलमध्ये वीस. आठ वाफ्यांना हिवाळ्यात शंभर लिटर, कडक उन्हात दीडशेच्या वर. २०० लिटरचा एक पिंप दिवसाला पुरतो.

पिंप मीटरभर उंच ओट्यावर ठेवून ठिबकच्या नळ्या जोडल्या की वीज लागत नाही. पण पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नये. ताशी चार लिटरचा ड्रीपर (नळीवरचं ठिबकणारं छिद्र) दहा मीटर उंचीच्या दाबाला चार लिटर देतो. मीटरभर उंचीला तो सव्वा लिटरच्या आसपास येतो. वाफ्यात दोन नळ्या, फुटाफुटावर छिद्र, अशी वीस छिद्रं धरली तर तासाला पंचवीस लिटर. हिवाळ्यात अर्धा तास, एप्रिलमध्ये पाऊण तासाच्या पुढे. मुलांनी छिद्राखाली वाट्या ठेवून हे मोजावंच, कारण शेवटच्या वाफ्याला पहिल्यापेक्षा कमी पाणी मिळतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

कमी दाबाला कचरा लवकर अडकतो. पिंपाच्या तोंडाला गाळणी, आणि दर शनिवारी नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी सोडणं, एवढं पुरतं. पिंप काळा आणि झाकलेला हवा. उघड्या पिंपात शेवाळ धरतं आणि डास होतात. हात धुण्याचं साबणाचं पाणी भाजीला न देता केळी आणि अळू यांच्या खड्ड्यात सोडावं.

खत आणि कीड

कंपोस्टचा हौद तीन बाय तीन बाय तीन फूट. त्याहून लहान ढीग तापत नाही. तीन घमेली वाळला पाला, एक घमेलं भाजीची देठं-सालं, वर थोडं शेणपाणी. उरलेली खिचडी अजिबात नको. मीठ-तेलानं वास सुटतो आणि उंदीर येतात, उंदरांमागून साप. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्ये लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून शिक्षकानं बाहेर काढून बघावी. हात लावून धरवली नाही तर ढीग चालू आहे. गार असेल तर सुकलेला आहे किंवा हिरवं कमी पडलंय. वास येत असेल तर पाणी जास्त. दर पंधरा दिवसांनी उलथापालथ केली तर अडीच-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. गांडूळ खत करायचं असेल तर शेण आधी गार होऊ द्यावं, ताज्या शेणाच्या उष्णतेनं गांडुळं मरतात.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत, शाळेच्या मापानं: वीस लिटर पाणी, एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं. हे मुळाशीच द्यावं. कोथिंबीर, पालक, मुळ्याच्या पानांवर फवारू नये. त्यात शेण आहे आणि ती पानं मुलं धुऊन-न धुता कच्ची खातात. त्या वाफ्यांना काढणीआधी तीन आठवडे ते बंदच ठेवावं.

दशपर्णी अर्काची (दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या कीडनाशकाची) टूम शाळांमध्ये फार आहे. आमचं मत स्पष्ट आहे: शाळेत करू नये. त्यात पडणाऱ्या पाल्यांमध्ये धोत्रा, रुई, कण्हेर असतात. सेंद्रिय असलं तरी विष ते विषच. मावा आणि तुडतुड्यांना निंबोळी अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळून नऊ लिटर पाणी आणि वीस ग्रॅम साबणाचा चुरा. फवारणी शाळा सुटताना, कारण त्यातलं औषध उन्हानं निकामी होतं. फवारणी शिक्षक करतील, मुलं पानं मोजतील. पिवळे चिकट कार्ड टांगून दर सोमवारी माश्या मोजल्या की पाचवीला आलेखाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

शेडनेटमध्ये मार्चनंतर पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि जाळं दिसलं तर ती माशी नाही, लाल कोळी आहे. कोरडी हवा त्याला मानवते. पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा फवारा मारणं हा पहिला उपाय.

पावसाळ्यात मुलांना दगडांच्या किंवा पाल्याच्या ढिगात हात घालू देऊ नये. मोठ्यांनी आधी काठीनं हलवावं. अवजारं वयाप्रमाणे: तिसरीपर्यंत खुरपं नाही, लाकडी चमचा आणि झारी. कुदळ सातवीच्या वर आणि एका वेळी एकानंच. शाळेच्या आरोग्य तपासणीत दहाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे ना, हे बागेच्या निमित्तानं तपासून घ्यावं.

तास

बाग ‘मधल्या सुट्टीत’ ठेवली की ती दोन हौशी मुलांची होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेली गांधीजींची नई तालीम हाताच्या कामातूनच विषय शिकवायला सांगत होती, आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेतीकाम आजही शिक्षणाचाच भाग आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानं माध्यमिक शाळांसाठी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवड्याचा एक पूर्ण दिवस कामाचा असतो, त्यात शेती आहे. दोन्हीकडे बागेला वेळापत्रकात घर आहे. आपल्या शाळेत निदान आठवड्याचे दोन तास लागोपाठ हवेत, त्यातली पंचवीस-तीस मिनिटं प्रत्यक्ष काम, बाकी मोजणं, लिहिणं, चित्र. तासभर खुरपणी म्हणजे मजुरी. आणि शिक्षा म्हणून बागेत पाठवणं कायमचं बंद. एकदा पाठवलं की वर्षभर बाग शिक्षेची जागा होते.

विषय आपोआप सापडतात, पण थोडं पारखून घ्यावे. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून केलेला रंग लिंबात लाल आणि सोड्यात हिरवा होतो. मातीच्या पाण्यात मात्र चोपण (अल्कधर्मी) जमीन सोडली तर फरक ठळक दिसत नाही, तेव्हा ‘माती आम्लधर्मी आहे का’ हे त्यावर ठरवू नये. परागीभवन दाखवायला दुधी निवडतात आणि फसतात: दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही. शाळेच्या वेळेला लाल भोपळा किंवा काकडी हवी. भोपळ्याचं फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, म्हणून पहिलाच तास. नर फुलाच्या पाकळ्या काढून पुंकेसर मादी फुलाला लावायचा. मादी फुलाखाली चिमुकला भोपळा असतोच, मुलं लगेच ओळखतात. चारी बाजूंनी बंद जाळीत काकडी लावली तर मधमाशी येत नाही आणि फळ धरत नाही. मुद्दाम एक वेल आत आणि एक बाहेर लावून ही तुलना करावी.

मुलं

वाफा एका मुलाच्या नावे नको, चार-पाच जणांच्या मिश्र गटाचा असावा. कारण व्यवहारी आहे. बीड भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं हंगामी वसतिगृहात राहिली नाहीत तर मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. एकट्याचा वाफा ओसाड पडतो, गटाचा चालू राहतो, आणि परतलेल्या मुलाला आपली जागा सापडते. जाण्याआधी त्यानं वहीत ‘पुढे काय करायचं’ हे लिहून द्यायचं. ही मुलं आणि शेतकऱ्यांची मुलं वाफ्यात शिक्षकापेक्षा हुशार निघतात. वाफसा ओळखणं त्यांना शिकवू द्यावं. वर्गात मागच्या बाकावर बसणारं मूल इथे चौघांना सांगताना दिसतं, आणि त्याचा परिणाम वर्गातही जाणवतो. फार मोठं काही म्हणायचं नाही, पण ते हात वर करायला लागतं.

कामाची वाटणी मुलांवर सोडली तर दोन आठवड्यांत मुली झाडणं आणि पाणी, मुलगे कुदळ आणि फावडं, असं होतं. कामांच्या चिठ्ठ्या दर सोमवारी फिरवाव्यात. चुळबुळ्या मुलाला ओझं वाहायचं काम द्या, घमेलं भरून आणणं त्याला शांत करतं. अबोल मुलाला विरळणी किंवा बी निवडणं, जिथे बोलावं लागत नाही पण शेजारी कुणीतरी असतं. मातीचा स्पर्श न सोसणारी मुलंही असतात. त्यांना चमचा, हातमोजे किंवा नोंदवही द्यावी आणि जबरदस्ती करू नये. दृष्टी कमी असलेल्यांसाठी एक वाफा वासाचा करावा: तुळस, पुदिना, ओवा, गवती चहा. गवती चहाच्या पात्याची कड हात कापते, म्हणून ती वाफ्याच्या मध्ये.

जळालेला वाफा घाईनं उपटून टाकू नये. तो आठवडाभर तसाच ठेवून कारण शोधायला लावावं: उकरून मूळ बघा, हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे का, मूळ काळं आहे का, पाण्याच्या पाटीवर काय लिहिलंय. मुलं एकमेकांवर ढकलतात, ते पहिल्या पाच मिनिटांत संपू द्यावं.

बी

मार्चमध्ये भेंडी, चवळी, गवार, मेथी, माठ यांची दोन-दोन निरोगी झाडं खुणेची फीत बांधून राखून ठेवावीत, त्यांचा तोडा करायचा नाही. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलेल्या पिकाचं बी धरू नये, पुढच्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत. दुधी, भोपळा, काकडी यांच्यात गावातल्या वेलींचे परागकण मिसळतात, तेव्हा ते बी ‘काय येईल बघू’ म्हणूनच पेरावं. वाळवलेलं बी राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत, नाव आणि महिना लिहून, शाळेतल्या सगळ्यांत थंड कपाटात ठेवावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक येतात तेव्हा प्रत्येकी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवड्यानं मोजून चौदाच्या वर उगवल्या असतील तर नेहमीच्या मापानं पेरा, दहाच्या आसपास असतील तर दुप्पट दाट, आणि त्याहून कमी असतील तर नवीन पाकीट आणा.